भातकुलीच्या मावशींचं चॅनेल

आमची कंपनी अकोल्यात एका बंद पडलेल्या फोटो स्टुडिओच्या वरच्या दोन खोल्यांत सुरू झाली. सुरू केली माझ्या कॉलेजच्या मित्रानं. तो लोकल केबलच्या बातम्यांसाठी कॅमेरा धरायचा, मी तिथंच एडिटिंग करायचे. केबलच्या बातम्या बंद झाल्या तेव्हा तो म्हणाला, "आपल्याकडची माणसं बोलतात किती मस्त! त्यांना कोणीतरी नीट शूट करून द्यायला पाहिजे, बस."

कल्पना एवढीच. वऱ्हाडातली छोटी छोटी चॅनेलं एका कंपनीखाली आणायची. शूटिंग, एडिटिंग, जाहिराती आणि पासवर्ड आमच्याकडे, बोलणं त्यांचं. अंजनगाव सुर्जीचा एक पानमळेवाला आला, अचलपूरचा एक मोटारपंप दुरुस्त करणारा आला. मी अमरावतीला राहायचे, रोज बडनेऱ्याला जाऊन अकोल्याची गाडी धरायचे.

मग भातकुलीच्या मावशी आल्या. अंगणवाडी सेविका म्हणून उभी हयात काढून निवृत्त झालेल्या. पहिलटकरणींना बाळाबद्दल सांगायचं, हा त्यांचा विषय. घराच्या पुढच्या खोलीत, बुद्धाच्या तसबिरीखाली त्या पाय लांब करून बसायच्या आणि चिंध्यांची बाहुली पायांवर आडवी घेऊन बोलायला लागायच्या. "लेकराले पानी घालताना घाई करू नोका. ते काय भांडं हाये का घासाले?" मी कॅमेऱ्यामागे हसू दाबायचे. बघता बघता त्यांचं चॅनेल आमच्यात सगळ्यात मोठं झालं. कुठून कुठून बायका लिहायच्या. माझ्या आईसारखं बोलता, म्हणायच्या. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं की मावशी म्हणायच्या, "पुन्हा वाच बरं."

तीनेक वर्षांनी मोठ्या शहरातल्या एका कंपनीनं आम्हाला विकत घेतलं. त्या दिवशी पेढे वाटले, मीही वाटले. महिन्याभरात तिकडचे एक साहेब आले. सगळे व्हिडिओ पाहून म्हणाले, "मावशी छान आहेत. भाषा तेवढी शुद्ध करून घ्या. बाकी महाराष्ट्राला बघता आलं पाहिजे." मित्र माझ्याकडे बघत होता, मी वहीत लिहून घेत होते.

दुसऱ्या दिवशी मी कॅमेरा घेऊन भातकुलीला गेले.

"मावशी, 'मले' नको. 'मला' म्हणा."

"काहून? कोनाले समजून नाही राहिलं का?"

"समजतं हो. कंपनीचं म्हणणं आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अन् तुह्यं काय म्हननं हाये?"

"मी कंपनीतच आहे ना, मावशी."

त्यांनी पदर सारखा केला आणि पुन्हा सुरुवात केली. 'हाये' आलं की मी थांबवायचे. 'नोका' आलं की थांबवायचे. दुपारपर्यंत त्या शाळेतल्या मुलीसारख्या पाठ म्हणू लागल्या. बाहुली बाजूला पडली होती आणि हात मांडीवर निमूट ठेवलेले. ते व्हिडिओ लागले तेव्हा खाली कमेंटमध्ये बायकांनी विचारलं, मावशी आजारी आहेत का?

चार व्हिडिओंनंतर त्यांचा फोन आला. "पोरी, मी आता नाही बोलत. बोलाचं भेव वाटते मले."

मी आग्रह केला नाही. पुढं वर्षभरात मोठ्या कंपनीनं मराठी विभागच बंद केला. आम्हाला ते कळलं पंपवाल्याकडून. "ताई, माह्यं चॅनेल दिसून नाही राहिलं." मित्रानं आठवडाभर फोन केले. दर वेळी नवीन माणूस बोलायचा. व्हिडिओ करारानं त्यांचे झाले होते. आमचे कॉम्प्युटर, हार्ड डिस्क, सगळं विक्रीच्या वेळीच तिकडे गेलं होतं.

मावशींना सांगायला मी स्वतः गेले. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मंग त्या बाया आता कोनाले इचारतीन?"



त्या हिवाळ्यात मावशी गेल्या. हार्ट अटॅक. त्यांची मुलगी अकोल्यात नर्स आहे, तिचा फोन आला. "पुण्यानुमोदनाला सगळे जमतील, त्या दिवशी आईचा आवाज लावायचा आहे. तुमच्याकडे असेल ना?"

घरभर शोधलं. कॅमेऱ्याच्या जुन्या बॅगेच्या कप्प्यात एक कार्ड सापडलं, आणि त्यावर तोच दिवस निघाला. सुधारून घेतल्याचा. मावशींच्या आवाजापेक्षा माझाच आवाज जास्त. थांबा. परत. 'मला' म्हणा. माझा आवाज कापून टाकावा म्हणून बसले, पण मग उरत होतं ते पाठ म्हटल्यासारखं बोलणं. कापलं नाही. तसंच घेऊन गेले.

मुलगी लॅपटॉपसमोर बसून ऐकत राहिली. "अन् तुह्यं काय म्हननं हाये?" आलं आणि तिनं तोंडावर ओढणी धरली.

"ही आई," ती म्हणाली. "बाकीचं नको. दोन टेकच्या मधलं तेवढं द्या."

मधलं मधलं जोडून दोन मिनिटंही भरली नाहीत. त्यात मावशी पाणी मागतात, शेजारणीच्या कोंबडीला हाकलतात, आणि बाकी सगळा वेळ मला रागावतात. भातकुलीतल्या कार्यक्रमात ते लागलं तेव्हा अंगणवाडीतल्या जुन्या बाया हसल्या, मग रडू लागल्या. मी मागं दाराशी उभी होते.

मित्रही आला होता. तो आता लग्नाचं शूटिंग करतो. जेवणं झाल्यावर आम्ही स्टँडकडे चालत निघालो.

"तू तेव्हा मला बोलली का नाहीस?" त्यानं विचारलं. "की हे करायला नको म्हणून?"

"तू तरी कुठं विचारलंस?"

त्यानं नुसती मान हलवली. अमरावतीची बस आली. आम्ही एकाच बसमध्ये चढलो, वेगवेगळ्या सीटवर बसलो, आणि बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी धरायची म्हणून तो मला न सांगता अमरावतीच्या आधीच्या स्टॉपवर उतरून गेला.