सुखदुःखाला येणारा माणूस

चुलतभावाच्या दहाव्याला नदीकाठी बसलो होतो. पिंडाला कावळा केव्हाच शिवला होता, पण आमदार यायचे होते, म्हणून कुणी उठेना. शेवटी त्यांची गाडी आली. ज्याला कधी पाहिलं नव्हतं, त्याच्या आठवणी त्यांनी माइकवरून सांगितल्या. गळाही वेळेवर दाटून आला.

आमच्या गावात दवाखान्याची इमारत आहे, तिच्यावर आमदारांच्या नावाची पाटी आहे, आत डॉक्टर नाही. भावाने त्याच बंद दारासमोर रिक्षात जीव सोडला. या माणसाची सगळी कारकीर्द अशी नदीकाठीच उभी राहिली आहे. माणूस तडफडत असतो तेव्हा हा कुठेच नसतो, आणि राख सावडून झाली की पांढऱ्याशुभ्र कपड्यांत हजर होतो.

जाताना ते वहिनींपुढे हात जोडून म्हणाले, "ताई, काही लागलं तर सांगा."

"डॉक्टर लागत होता, साहेब," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि ते पुढच्या गावच्या दहाव्याला निघाले.

धुरळा बसायच्या आत शेजारचे अण्णा म्हणाले, "काही म्हणा, माणूस सुखदुःखाला येतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या रिक्षावाल्यानेसुद्धा.