कोआला म्हणजे अस्वल नव्हे

सुनंदा, मी शेवगाव सोडलं त्या सकाळी माझ्या बालवाडीतली सगळी पोरं मला निरोप द्यायला आली होती. जीप सुरू व्हायच्या आधीच ती तुझ्याभोवती जमली. मदतनीस म्हणून मीच तुला घेतलं होतं, आता त्यांची बाई तू होतीस. आई म्हणाली, "रिकामी जागा ऱ्हात न्हाई गं. कुनीतरी बसतंच." तेव्हा मला तिचाच राग आला.

ब्रिस्बेनला ह्यांची नोकरी होती. मी चाइल्डकेअरमध्ये लागले. आधी नुसत्या नॅपी बदलल्या, मग लहान पोरांचा वर्ग मिळाला. त्यांना मी कोआला शिकवते: तो निलगिरीची पानं खातो, दिवसाचा बहुतेक वेळ झोपतो, पिल्लू आधी आईच्या पिशवीत आणि मग पाठीवर वाढतं. शिकवताना आपली बालवाडी आठवते आणि तुझा राग येतो. तू माझं काहीच वाकडं केलेलं नाहीस, तरी येतो.

यंदा सुट्टीत शेवगावला कापडी कोआला घेऊनच आले. बालवाडीत तू मला पोरांपुढं बसवलंस. मी तो वर धरला तशी पोरं ओरडली, "आस्वल!"

"अस्वल नाही हं. हा कांगारूचा भाऊबंद. ह्याच्या आईला पोटाशी पिशवी असते."

एक चिमुरडी ठसक्यात म्हणाली, "आस्वलच हाय! आमच्या बाईनं सांगितलंय."

मी फोटो दाखवले. पोरं तुझ्याकडंच बघत राहिली. मग तूच कान धरलेस. "चुकलं रे बाईचं. आस्वल न्हाई त्ये. ह्या ताई म्हंत्यात त्येच खरं."

"व्हय बाई!" सगळी एका सुरात.

खरं सांगितलं मी, पटलं ते तुझ्या तोंडून. निघताना तू माझी ओटी भरलीस. तुझा चांगुलपणाही मला सोसवत नव्हता.

ब्रिस्बेनला परतल्यावर वर्गात गेले, तर माझ्या बदली आलेली मुलगी गाणं शिकवत होती. पोरं तिला तसंच टाकून माझ्या पायांना बिलगली. ती कसनुशी हसली. तिची कीव यायला हवी होती. सुनंदा, मला फार बरं वाटलं.

घर कुठं, असं कुणी विचारलं तर मी आता ब्रिस्बेन सांगते, आणि ते खोटं नाही. पण परक्या गावातल्या माणसाचा कुणी इतकी वर्षं हेवा करत नाही. तुझा मी करते. तो आहे तोवर शेवगाव माझं आहे.