ताईने हात न लावलेलं वाक्य

आपल्या बहिणीचं कौतुक करावं असं धाकट्याला कधी वाटलं नव्हतं. बहीण ती बहीण. सकाळी तपासणीच्या लॅबमध्ये जायची, ओळीने बसलेल्या माणसांच्या दंडाला पट्टा बांधून रक्त काढायची, दुपारी येऊन आईला जेवायला वाढायची आणि मग खिडकीजवळच्या टेबलावर कॉम्प्युटर उघडून बसायची. धाकटा खाली तळमजल्यावर पंख्यांच्या मोटारी दुरुस्त करायचा. तांब्याची तार गुंडाळताना वरची टकटक त्याला ऐकू यायची. "वर बसून जगाच्या चुका काढतेय," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा आणि स्वतःच हसायचा.

लॅबमध्येही तिच्याबद्दल फारसं प्रेमाने बोलत नसत. लोक काउंटरवरच रिपोर्टचा लिफाफा फोडायचे आणि काकुळतीला येऊन विचारायचे, "ताई, वाईट आहे का हो?" ती म्हणायची, "आकडा लिहिलाय. अर्थ डॉक्टर सांगतील." समोरच्याचा जीव टांगणीला लागलेला असायचा, पण ताईच्या तोंडून एक अक्षर जास्त निघेल तर शपथ.

कॉम्प्युटरवर ती एका ज्ञानकोशात लिहायची. इंटरनेटवरचा, कोणीही लिहावं आणि कोणीही दुरुस्त करावं असा ज्ञानकोश. तिथे प्रत्येकाला एक टोपणनाव लागतं. ताईने लहानपणी घरात पडलेलंच नाव घेतलं, वाटाणा. पूल, पक्षी, जुनी यंत्रं, कशावरही ती लिहायची. पण एका पानावर मात्र तिचा कायमचा पहारा असे. ते पान होतं एका इतिहासकाराचं चरित्र.

या इतिहासकाराचं नाव घरात कोणी घेत नसे. आई त्याला "तो लिहिणारा" म्हणायची. त्याने बंदरातल्या कामगारांच्या मोठ्या संपावर जाडजूड पुस्तक लिहिलं होतं. काही लोकांनी ते पुस्तक डोक्यावर घेतलं, तर काहींचं म्हणणं, हा माणूस गोष्ट रंगवायला लागला की पुराव्याचं भान सोडतो. त्यातल्या एका प्रकरणात लिहिलं होतं की संपाचे पुढारी पकडले गेले, कारण संघटनेच्या सचिवानेच पोलिसांना नावं दिली. ज्ञानकोशातल्या चरित्रातही तेच वाक्य घडलेली गोष्ट म्हणून होतं. तो सचिव म्हणजे या दोघांचे वडील. पुस्तक आलं तेव्हा ते हयात होते. बंदराजवळच्या टपरीवर ते चहाला गेले की बाकावरची माणसं उठून जायची. बाबा कोणाशी भांडले नाहीत. त्यांनी फक्त त्या रस्त्याने जाणं बंद केलं, आणि पुढे काही वर्षांनी ते वारले.

एक दिवस धाकट्याने मोबाइलवर ते चरित्र उघडलं आणि त्याला उकळ्याच फुटल्या. कोणीतरी नवं वाक्य घातलं होतं: या इतिहासकाराने आपल्या विद्यार्थ्याचा प्रबंध चोरून स्वतःच्या नावाने छापला. दुकानात येईल त्याला त्याने ते वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी पाहतो तर वाक्य गायब. खाली नोंद होती, काढणाऱ्याचं नाव वाटाणा. त्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मोटार तशीच उघडी टाकून तो वर आला.

"तू काढलंस?"

"हो."

"का म्हणून?"

"आधार नव्हता. एका ब्लॉगवर कोणीतरी लिहिलंय, खाली नावसुद्धा नाही. जिवंत माणसाच्या चरित्रात असलं ठेवत नाहीत."

"आणि त्याने बाबांबद्दल लिहिलं तेव्हा कुठला आधार दिला होता?"

"एका पोलिसाची मुलाखत. नाव न सांगता."

"मग?"

"मग काय? त्याने केलं म्हणून आपणही करायचं?" ताईने चष्मा पुसला. "आणि एक लक्षात घे. त्याने लिहिलं नसतं तर त्या संपाची आज कोणाला आठवण नसती. तेही मीच लेखात घातलंय, आधारासकट."

मग जे इतकी वर्षं विचारलं नव्हतं ते धाकट्याने विचारलं. "ताई, तुला वाटतं का, बाबांनी नावं दिली?"

ती नुसतं "छे" म्हणेल अशी त्याची खात्री होती.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "मी तेव्हा शाळेत नुकतीच जायला लागले होते."

हे ऐकून धाकटा खाली आला. सख्खी मुलगी असं म्हणते, यावर त्याचा विश्वास बसेना. संध्याकाळी त्याने आपल्या मोबाइलवरून नवं खातं उघडलं, नाव घेतलं खराबोल्या, आणि चोरीचं ते वाक्य परत घातलं. कोणीतरी काढलं, याने पुन्हा घातलं. आपण फार हुशारी केली असं वाटून त्या दिवशी तो शीळ घालत झोपायला गेला.

घरात इंटरनेटचं कनेक्शन एकच आहे, हे मात्र त्याच्या डोक्यात आलं नाही. ज्ञानकोशावर लक्ष ठेवणाऱ्यांना ते लगेच दिसलं. त्यांनी वाटाणा आणि खराबोल्या ही दोन्ही खाती बंद केली आणि वर पाटी लावली: एकाच व्यक्तीची दोन खाती असल्याचा संशय.

दुपारी ताई दुकानात आली. एरवी ती खाली यायची नाही. गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसून तिने विचारलं, "खराबोल्या तू?"

धाकटा तारेशी चाळा करत म्हणाला, "हो."

"बरं," ती म्हणाली. "आता कोणी त्या पानावर चांगल्या मनाने काही बदललं, तरी म्हणतील वाटाण्याने करवून घेतलं. बाबांवरचं वाक्य होतं तसंच राहणार, कायमचं." मग ती उठली आणि आईला औषध द्यायला वर गेली. चार शिव्या घातल्या असत्या तर धाकट्याला बरं वाटलं असतं.

माफी कुठे मागायची ते शोधायला त्याने लेखामागचं चर्चापान उघडलं. लेखात काय ठेवायचं, काय नाही, यावर लिहिणारे तिथे वाद घालतात आणि तो सगळा वाद तसाच राहतो. पान संपता संपेना. ताईचं सगळ्यात पहिलं लिहिणं अगदी वरच्या टोकाला होतं.

"पुस्तकात ज्या सचिवाचा उल्लेख आहे, त्याची मी मुलगी. म्हणून त्या परिच्छेदाला मी कधीही हात लावणार नाही. बाकीच्या लेखात माझा हात वाकडा गेला तर कृपया सांगा."

धाकट्याने हे पुन्हा वाचलं. मग तो बैठक मारून वाचतच सुटला. इतिहासकाराला कोणी शिवी दिली की वाटाण्याने काढलेली. कोणी "थोर" लिहिलं की तेही काढलेलं. त्याच्या पुरस्काराचं साल चुकलं होतं, ते हिने दुरुस्त केलं होतं. इतिहासकाराचा एक कट्टर चाहता तिथे होता, नाव जुनाखांब. त्याच्याशी तर तिचं प्रत्येक ओळीवरून जुंपलेलं. आणि एकदा कोणीतरी बाबांच्या वाक्यात भर घातली होती, "स्वतःची सुटका करून घेण्यासाठी". हे तर पुस्तकातसुद्धा नव्हतं. त्यावर ताईने चर्चापानावर लिहिलं होतं, "या शब्दांना आधार नाही. मला बदलता येणार नाही. कोणीतरी पाहा." कोणी लवकर पाहिलं नाही. कित्येक दिवस ते शब्द तिथे तसेच होते.

बापावर लागलेला डाग, तोही खोटा, पुसायला एक बटण पुरलं असतं. आणि ही बाई रोज लोकांचं रक्त काढून घरी येत होती, ते पान उघडून पाहत होती आणि हात आवरून बसत होती. ज्या बहिणीला आपण कोरडी म्हणत आलो, तिच्यासमोर आपण किती लहान आहोत हे धाकट्याला एकदम कळलं. त्याला ती फार मोठी वाटली, आणि जरा भीतीही वाटली.

त्याने ज्ञानकोशाच्या देखरेख करणाऱ्यांना लिहिलं: "खराबोल्या मी आहे, वाटाण्याचा धाकटा भाऊ. तिला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तिने करू दिलं नसतं. मला कायमचं बंद करा, तिला सोडा." त्यांनी अगदी तसंच केलं.

ताईचं खातं उघडलं त्या दिवशी चर्चापानावर जुनाखांबाचं लिहिणं आलं. "वाटाणा यांच्याशी माझं कधी पटलं नाही, यापुढेही पटेल असं नाही. पण या गडबडीत मी तो परिच्छेद नीट वाचला. एका पुस्तकातला एक दावा, तोही निनावी साक्षीवर, आणि आपण तो घडलेली गोष्ट म्हणून लिहिलाय. ज्यांना बदलायचा हक्क नव्हता त्या नियम पाळून हात आवरून बसल्या. ज्यांना होता ते आम्ही उगाचच मूग गिळून बसलो." आणि त्याने लेखातलं वाक्य बदललं: "सचिवाने पोलिसांना नावं दिली, असं या इतिहासकाराचं मत आहे. त्याला दुसरा कोणताही पुरावा नाही."

धाकट्याने ते वाचलं आणि दोन-दोन पायऱ्या चढत तो वर धावला. ताई आधीच टाइप करत होती.

"आभार मानतेयस ना?"

"मानले. पण दुसरं वाक्य काढायला सांगतेय."

"काय?"

"पुरावा नाही असं कोणी छापलंय का कुठे? नाही. जुनाखांबाला सापडला नाही, एवढंच. तो त्याचा स्वतःचा शोध झाला. तो इथे चालत नाही."

धाकट्याने कपाळावर हात मारून घेतला. "अगं, पण ते आपल्या बाजूचं आहे."

"म्हणून तर," ताई म्हणाली.

जुनाखांबाने दुसरं वाक्य काढलं. इतक्या वर्षांच्या पहाऱ्यानंतर पदरात काय पडलं, तर "असं मत आहे" एवढेच शब्द.

आई खिडकीपाशी वाळलेले कपडे घडी घालत बसली होती. धाकट्याने तिच्याजवळ बसून ते वाक्य वाचून दाखवलं. तिने पुन्हा वाचायला सांगितलं.

"मत?" आई म्हणाली. "आधी तसं नव्हतं?"

"नाही. आधी घडलंच असं लिहिलेलं होतं."

आईने हातातला टॉवेल मांडीवर ठेवला. "मत तर माझंही आहे," ती म्हणाली. "पुढारी पकडले गेले त्या दिवशी तुमचे बाबा घरी आले तेव्हा दार मी उघडलं होतं. मला काही विचारावंसं कोणाला वाटलं नाही." मग तिने ताईकडे पाहिलं. "तू लिहून घेशील?"

ताई टेबलावरून उठून जवळ आली. "आई, तिथे चालणार नाही गं. छापलेलं लागतं."

"नको लिहूस तिथे. तू ऐक."

ताईने आजवर आईला कधी का विचारलं नाही, ते धाकट्याला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. विचारलं असतं आणि उत्तर नको ते आलं असतं, तर तेही तिला खरं मानावं लागलं असतं. ताईने मागे जाऊन कॉम्प्युटर बंद केला. मग ती येऊन आईच्या पायाशी बसली, टॉवेल उचलून घडी घालू लागली, आणि म्हणाली, "सांग."