उभ्या देवाचं घोंगडं

दौंडहून सकाळी सातला निघालो तेव्हा सुनंदाच्या स्कूटरवर आम्ही दोघी, एक मोजपट्टी, माझी चित्रवही आणि दशम्यांचा डबा एवढा ऐवज होता. दोघींची वयं मिळून सव्वाशेच्या घरात. “एसटीनं जा की!” असं तिच्या घरच्यांनी तीनतीनदा बजावलं, आणि त्यामुळे स्कूटरनंच जायचं हे पक्कं झालं. जानेवारीची थंडी नाकाला झोंबत होती आणि सुनंदा पाटसपर्यंत कारण नसताना हॉर्न वाजवत होती.

मी जन्मभर नकाशे काढण्याची नोकरी केली. निवृत्त झाल्यावर जुन्या देवळांचे आराखडे काढायचं खूळ डोक्यात शिरलं. सुनंदा माझी वसतिगृहातली मैत्रीण. तिला दगडात काडीचा रस नाही, पण ह्या खेपेला तिला मुद्दाम ओढलं होतं. न्हावऱ्याच्या पुढच्या एका गावात महादेवाचं हेमाडपंती देऊळ आहे आणि त्यात घोंगडं पांघरलेली एक उभी मूर्ती आहे, असं कळलं होतं. कुणीतरी काढलेल्या फोटोत फक्त चेहरा दिसत होता. लांब कानाच्या पाळ्या, कुरळे केस, मिटल्यासारखे डोळे. मला वाटत होतं, हा जैन तीर्थंकर असावा. सुनंदा दिगंबर जैन. तिच्यासमोरच त्याचा उलगडा व्हावा, अशी माझी फार इच्छा होती.

वरवंडला चहा झाला. केडगावच्या पुढे एका गुऱ्हाळाचा वास आला आणि आमची गाडी आपोआप वळली. कढईपाशी उभ्या असलेल्या कामगारानं “गरम है, दीदी, धीरे से” म्हणत वाटीभर काकवी (उसाचा दाट पाक) दिली. ‘दीदी’ ऐकून मी इतकी खूश झाले की अर्धी वाटी माझ्याच ओढणीवर सांडली. भीमेचा पूल ओलांडेपर्यंत दोन माशा आमच्याबरोबर प्रवास करत होत्या. न्हावऱ्यात दुतर्फा कांद्याच्या गोण्या. कांदा न खाणाऱ्या बाईला मी कांद्याच्या राज्यात आणलं म्हणून सुनंदा मला बरंच काही बोलली, पण हेल्मेटमुळे मला निम्मंच ऐकू आलं.

देऊळ उसाच्या फडाआड होतं. वळण घेतलं आणि एकदम समोर आलं. काळाकभिन्न दगड, कुठेही चुन्याचा लेप नाही, दगडावर दगड नुसता खाचेत बसवलेला. भिंत सरळ जाईल तर शपथ! कोनात आत, कोनात बाहेर, पुन्हा आत. वरून पाहिलं तर चांदणीसारखा आराखडा. मी स्कूटर पुरती थांबायच्या आत उडी मारली आणि मोजपट्टी घेऊन देवळाभोवती धावत सुटले.

आत तर मी वेडीच झाले. खांब खाली चौकोनी, मध्ये अष्टकोनी, वर गोल. दाराच्या चौकटीला पाच शाखा (उभ्या नक्षीपट्ट्या), उंबऱ्यावर कीर्तिमुख. आणि छत! चौकोनावर तिरका चौकोन, त्यावर पुन्हा तिरका, असं लहान लहान होत शेवटी एकच दगडी कमळ. ते नीट दिसावं म्हणून मी मंडपाच्या मधोमध रंगशिळेवर (मधल्या गोल दगडी चौथऱ्यावर) सरळ उताणी पडले.

“आवो ताई, चक्कर आली का काय? आन् ह्या माश्या का घोंगावत्यात तुमच्यावर?”

दारात एक उंच, सुरकुतलेले आजोबा, डोक्याला लाल पटका. मी झोपल्या झोपल्याच नमस्कार केला. हे आप्पा. त्यांच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं होती, आता ऊस आणि कांदा. ह्या देवळाची झाडलोटही त्यांच्याच घराकडे.

“आप्पा, घोंगडं पांघरलेला देव कुठाय?”

त्यांनी मला आधी आपादमस्तक न्याहाळलं, मग डावीकडच्या लहान गाभाऱ्याकडे बोट केलं. पुरुषभर उंचीची मूर्ती. गळ्यापासून पार तळापर्यंत काळं घोंगडं, आणि पुढून जाड दोऱ्यानं शिवून टाकलेलं.

“दर साली नवं घालतो,” आप्पा म्हणाले. “मेंढरं इकली सारी, पर चार ठिवलीत. त्येंची लोकर फकस्त ह्याच्यासाठी. सणगराकडनं इनून घेतो.”

“पण शिवलंय कशाला?”

“मागं एक सायब आला हुता. म्हनला, ही मूर्ती तुमची न्हाई, हिची जागा शहरात. तवाधरनं शिवूनच टाकलं. दिसंल तर नेतील.”

आता कसं विचारावं? मी शब्द जुळवत होते, तोवर गाडी लावून आलेल्या सुनंदानं चपला बाहेर काढल्या, आत जाऊन हात जोडले आणि डोळे मिटून हळू आवाजात णमोकार मंत्र म्हटला. संपल्यावर कपाळ जमिनीला टेकवलं. आप्पा बघत राहिले. मग त्यांनी कमरेचा विळा काढला आणि दोऱ्याचा एकेक टाका कापला.

घोंगडं खाली उतरलं. सरळ उभी काया, दोन्ही हात मांड्यांना न टेकता लोंबणारे, अंगावर वस्त्र नाही की दागिना नाही. पायाशी पीठावर लांछन (तीर्थंकराची ओळख पटवणारी खूण). मी गुडघ्यावर बसून त्यावरची धूळ फुंकली. शिंगं, दाढी, आखूड शेपूट.

“बोकड!” मी किंचाळलेच. “कुंथुनाथ, सुनंदा! सतरावे तीर्थंकर! तुमचे आहेत गं हे, तुमचे!”

सुनंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि आप्पांचा चेहरा पडला. माझी जीभ कापून टाकावी असं मला वाटलं.

“म्हंजी नेणार व्हय तुमी?” ते सुनंदाला म्हणाले. “आमी ह्ये बकरं बघूनच आपला मानला त्याला. बकरं पायाशी, म्हंजी मेंढपाळच की. आन् मेंढपाळाच्या अंगावर घोंगडं नसंल तर कसं हुईल? म्हनून आज्यानं घातलं, बानं घातलं, मी घालतो.”

“कुठं नेऊ आप्पा?” सुनंदा डोळे पुसत हसली. “आमच्या स्कूटरवर ही एक बाईच कशीबशी मावते. हे इथलेच आहेत. इथंच राहू देत.”

आप्पांनी इतका मोठा श्वास सोडला की मलाही सोडावासा वाटला. मग सुनंदानं त्यांना सांगितलं, की हे राजे होते. सगळं आपणहून सोडलं, शेवटी वस्त्रसुद्धा. त्यांना थंडी-ऊन काही बाधत नाही.

“आपणहून सोडलं?” आप्पा चपापले. “मंग आमी चुकलोच की. न्हाई घालनार.”

“नाही नाही, घाला तुम्ही! चार मेंढरं ठेवलीत तुम्ही त्यांच्यासाठी.”

“न्हाई बाई, त्येंच्या इच्छेच्या बाहेर कसं जायाचं?”

“आप्पा, माझं ऐका, घाला!”

“तुमचं देव, तुमी सांगा, पर मला न्हाई पटत.”

मघाशी ज्याला घोंगड्याशिवाय देव सोसवत नव्हता तो माणूस आता घोंगडं घालायला तयार नव्हता, आणि जिच्या पंथात मूर्तीला वस्त्र चालत नाही ती ते घालायला विनवत होती. मी वही उघडी ठेवून दोघांकडे आळीपाळीनं बघत होते. शेवटी आप्पांनी घोंगड्याची नीट चौघडी घातली आणि बोकड झाकणार नाही अशा बेतानं मूर्तीच्या पायाशी ठेवली.

“हितं ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले. “लागली थंडी, तर घेतील आपल्या हातानं.”

आप्पांच्या सुनेनं बाजरीची भाकरी, दूध आणि गूळ आणला, सुनंदासाठी कांद्याचा वाससुद्धा लागू दिला नाही. निघताना आप्पा वेशीपर्यंत आले. मी गावाचं नाव इथं लिहिणार नाही, असा शब्द त्यांना दिला आहे.

परतताना भीमेच्या पुलावर ऊन कललं आणि वारा बोचू लागला. दिवसभर मी खांब, कोन, शाखा मोजल्या होत्या, एकेक इंच वहीत उतरवला होता, आणि तरी इतकी आनंदात होते ती त्या मोजमापांमुळे नव्हे. वरवंड आलं. सुनंदानं गाडी कडेला घेतली, हेल्मेट काढलं आणि माझ्याकडे वळून विचारलं,

“गार पडलंय गं फार. घेतलं असेल का त्यांनी?”