आधी नोज दाखव

शेजाऱ्यांकडे पोहे खात होतो. त्यांची तीन वर्षांची सई फरशीवर पालथी पडून, दाणा ओढणाऱ्या मुंगीकडे बघत होती.

"काका, हिला कुणी भरवत नाही का?"

मी उत्तर देणार तोच तिची आई म्हणाली, "ते राहू दे. आधी काकांना नोज दाखव बरं!"

सईनं नाकावर बोट ठेवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग इअर झालं, टमी झालं. माझं डोकंच फिरलं. पोरगी आपल्या डोक्यानं विचार करत होती, शब्द आपसूक येत होते, आणि हे तिचा नंदीबैल करायला बसले होते!

न राहवून मी विचारलं, "सई, मुंगी कुठं गेली गं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं नाकावर बोट ठेवलं.