हिरवा ठिपका आणि भजनी ठेका

“सावंत, काल जेवल्यावर तू मेला होतास का रे?”

निखिलने हे अगदी काळजीच्या सुरात विचारलं. निखिल माझा मॅनेजर. माझ्याहून बराच लहान, पण आमच्या धंद्यात तसंच असतं. केस पिकलेला डेव्हलपर आणि नुकती दाढी जमलेला साहेब. त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. माझ्या नावासमोर जेवणानंतरची अख्खी दुपार लालभडक होती.

“मी विचार करत होतो,” मी म्हटलं.

“तो यात दिसत नाही ना यार.”

यात म्हणजे नवीन ॲपमध्ये. आमच्या अंधेरीच्या ऑफिसात सगळ्यांच्या लॅपटॉपवर ते बसवलं होतं. बोटं चालली की तुम्ही हिरवे. थोडं थांबलात की पिवळे. जास्त थांबलात की लाल. तुम्ही काय टाइप करताय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. महिनाभर लाल राहिलात की तुम्हाला ‘सुधारणा योजने’त घालतात. त्या योजनेतून सुधारून जागेवर परत आलेला माणूस मी पाहिलेला नाही. खोक्यात आपला मग आणि चार्जर भरून लिफ्टकडे जाणारे मात्र पाहिलेत.

आता माझी सवय अशी, की विचार करायचा असला की मी कीबोर्ड लांब ढकलतो. समोर कोरा कागद घेतो आणि दोन्ही हातांनी टेबलावर ठेका धरतो. मी मूळचा कणकवलीकडचा, राहायला मुलुंडला, आणि दर शनिवारी आमच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतो. वडील गिरणीतून येऊन वाजवायचे, मी ऑफिसातून जाऊन वाजवतो. तेवढाच फरक. लोकांना वाटतं सॉफ्टवेअर म्हणजे दिवसभर टकाटक टायपिंग. तसं असतं तर कंपन्यांनी कोर्टाबाहेरच्या टायपिस्टना उचलून नेलं असतं, आम्हाला कोण विचारतो. टायपिंग सगळ्यात शेवटी. आधी नुसतं बघत बसायचं, चूक कुठे दडलीय ते.

त्या दिवसांत चूक दडली होती एका डायलिसिस सेंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये. उपनगरांत त्यांच्या चार-पाच शाखा. कुठल्या पेशंटला कुठली वेळ, कुठली खुर्ची, हे आमचं सॉफ्टवेअर ठरवायचं. आणि अधूनमधून ते एकाच खुर्चीवर दोघांना बसवायचं. रोज झालं असतं तर पकडता आलं असतं. अधूनमधून व्हायचं, हीच बोंब होती. वाकोल्याच्या रिसेप्शनिस्ट बाईंनी मला फोनवर चांगलंच सुनावलं.

“अहो सर, आजोबा रिक्षातून उतरून धापा टाकत आत आले, तर त्यांच्या खुर्चीत दुसऱ्या मावशी. सुई टोचून मशीन सुरू. आता मी कुणाला उठवू, तुम्हीच सांगा.”

डायलिसिसवाल्या माणसाला ‘उद्या या’ म्हणता येत नाही. ते आजोबा संध्याकाळपर्यंत बाकावर बसून होते, हे ऐकल्यावर मला डबा गेला नाही.

अशा चुकीला आमच्यात रेस कंडिशन म्हणतात. नावावर जाऊ नका, गोष्ट साधी आहे. कोळणीच्या पाटीत शेवटचं एकच पापलेट उरलंय. दोन बायका एकदम विचारतात, “आहे का गं?” ती पाटीत बघते, पापलेट दिसतं, दोघींनाही “आहे” म्हणते. खोटं कुणाशीच बोलली नाही, पण भांडण ठरलेलं. काउंटरवरून एक आणि फोनवरून एक असं बुकिंग एकाच क्षणी आलं की आमचं सॉफ्टवेअर हेच करत होतं. प्रश्न एवढाच, की इतक्या मोठ्या बाजारात नेमकी कुठली कोळीण?

ते शोधायला मला शांत बसणं भाग होतं, आणि शांत बसलो की मी लाल. शेजारच्या टेबलावरच्या दीपालीला माझी दया आली. ती कायम हिरवी असायची.

“माउसखाली काट्याचं घड्याळ ठेव रे,” ती म्हणाली. “सेकंदकाटा फिरतो, माउसला वाटतं आपणच फिरतोय.”

मी घरून घड्याळ आणेपर्यंत वरून मेल आला: यापुढे माउसची हालचाल मोजली जाणार नाही, फक्त कीबोर्डची. दीपालीने निमूटपणे घड्याळ मनगटावर बांधलं.

मग एक दिवस विचाराच्या नादात माझे हात टेबलाऐवजी कीबोर्डवर पडले. डावा स्पेसबारवर, उजवा अक्षरांवर. समोर रिकामं नोटपॅड उघडं होतं, त्यात भजनी ठेका उमटत गेला, कुणाच्या बापाला वाचता येणार नाही असा. कोपऱ्यातला ठिपका मात्र हिरवागार. थांबलो, पिवळा. वाजवला, हिरवा. एवढी दाद मला मुलुंडमध्येही कधी मिळाली नव्हती.

पण गंमत अशी, की ठिपक्याकडे डोळा ठेवून वाजवलं की डोकं चालेना. टेबलावरचा हात आपसूक चालतो, कीबोर्डवरचा चालवावा लागतो. शेवटी एका बुधवारी मी म्हटलं, खड्ड्यात गेला तो ठिपका. कीबोर्ड ढकलला, कागद घेतला आणि बसलो. संध्याकाळी कोळीण सापडली. बरंचसं जुनं कोड काढून टाकलं, त्या जागी चार ओळी घातल्या: आधी पापलेट पहिल्या बाईच्या पिशवीत टाकायचं, मगच दुसरीला उत्तर द्यायचं. तपासून झाल्यावर ते सगळ्या शाखांत गेलं आणि भांडणं थांबली. वाकोल्याच्या बाईंनी स्वतःहून फोन केला. “सर, आता ज्याची खुर्ची त्याला मिळते हां.” मला फार बरं वाटलं.

तेवढ्यात निखिलने बोलावलं.

“बग गेला, झकास काम केलंस. पण बुधवारी तू दिवसभर लाल आहेस.”

“अरे, बुधवारीच तर तो सापडला.”

“मला कळतं रे सावंत. वरच्यांना रंग कळतात. महिनाअखेरीला असाच दिसलास तर तुझं नाव योजनेत जाईल. मग माझ्या हातात काही नाही.”

मला असा संताप आला, की तिथेच राजीनामा फेकावा. पण पंचेचाळिशी ओलांडल्यावर नोकरी गेली तर पुन्हा इंटरव्ह्यूला बसायचं, तेही लेकीच्या वयाच्या पोरांपुढे. शनिवारी मंडळातल्या बुवांना सगळं सांगितलं. बुवा पान लावत ऐकत होते.

“मगे वाजय मरे,” ते म्हणाले. “तुका दुसरा येता काय?”

सोमवारपासून मी कीबोर्डवर वाजवू लागलो. सकाळी साधा ठेका, जेवणानंतर दुगुण, म्हणजे तोच दुप्पट लयीत. काम फारसं होत नव्हतं, कारण वाजवण्यातून सवड कुठली? महिनाअखेरीला सगळ्यांसमोर बोलावून मला ‘अथक परिश्रमा’चं सर्टिफिकेट दिलं. टाळ्या पडल्या. दीपालीने तर उभं राहून वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी निखिलने मला केबिनमध्ये घेतलं आणि दार लावलं. माझी फाटली. म्हटलं, लागली वाट, नोटपॅड बघितलं याने.

“सावंत, तू कसं करतोस रे ते?” त्याचा आवाज पडला होता. “माझाही रिपोर्ट येतो. मी दिवसभर मीटिंगमध्ये बोलतो. बोलायला कीबोर्ड लागत नाही. मॅनेजरला दोन महिने देतात. माझा दुसरा चालू आहे, लाल.”

मला हसू यायला हवं होतं. पण समोरचा मुलगा खरंच घाबरलेला होता. मी त्याचा लॅपटॉप पुढे ओढला, नोटपॅड उघडलं आणि त्याला भजनी ठेका दाखवला. त्याचा डावा हात उजव्याचं ऐकेना. शेवटी शनिवारी मुलुंडला ये म्हटलं. आला. बुवांनी पखवाजाला हात लावू दिला नाही, आधी टाळ दिले. आता दर शनिवारी येतो, आणि ठेका बऱ्यापैकी धरतो.

मध्यंतरी वाकोल्याहून पुन्हा फोन आला. या वेळी सॉफ्टवेअर बंद शाखेतल्या खुर्च्या वाटत होतं. पेशंट जाऊन कुलपाकडे बघून परत येत होते. मी कीबोर्ड ढकलला, कागद घेतला. ठिपका पिवळा झाला. निखिल जागेवरून उठून माझ्याकडे आला. मला वाटलं, आता हा रंगाचं काढणार. त्याने खुर्ची ओढली, माझा कीबोर्ड स्वतःच्या मांडीवर घेतला आणि डावा हात स्पेसबारवर ठेवला.

“तू विचार कर,” तो म्हणाला. “मी वाजवतो.”

संध्याकाळपर्यंत चूक सापडली आणि तोवर ठिपका हिरव्यावरून पुन्हा ढळला नाही. एवढ्या वर्षांत मला या धंद्याचं एकच कळलंय. प्रत्येक कामाला दोन माणसं लागतात. एक ते करायला, आणि दुसरा ते चालू आहे असं दाखवायला. दुसऱ्याला मॅनेजर म्हणतात, आणि चांगला मिळाला तर तो ठेका सोडत नाही.