आबांचं डिक्टेशन आणि आष्ट्याचा टेम्पो

सासऱ्यांनी मला घराबाहेर काढलंय, ही बातमी मला माझ्या चुलत्यांकडून कळली. त्या वेळी मी सासऱ्यांच्याच समोर बसून पेन्सिलीला टोक काढत होते.

यात चूक माझी नव्हती. (हे आधीच सांगून ठेवते. नंतर कुणी ऐकून घेत नाही.)

मला कोर्टात लघुलेखक व्हायचं होतं. साक्षीदार, वकील, न्यायाधीश जे बोलतील ते तिथल्या तिथं रेघोट्यांत पकडायचं आणि मग टाइप करून द्यायचं, असं ते काम. त्यासाठी मिनिटाला शंभर शब्दांची परीक्षा पास व्हावी लागते. मी दोनदा आपटले होते. "आगं, आता मोबाइल बोललेलं लिवतोय की! तू कशाला हात मोडून घेतीस?" हे मला मलकापुरात दूधवाल्यापासून नणंदेपर्यंत सगळ्यांनी सुनावलं. आणि मला कुणी नको म्हटलं की चेव येतो! मी भर स्वयंपाकघरात जाहीर केलं, "शंभर झाल्याशिवाय पेन्सिल खाली ठेवणार नाही!"

"भाकरी थापताना तरी ठेव बाई," सासूबाई म्हणाल्या.

शेवटी घरात ठरलं, ही शेवटची खेप. या वेळी गेलं तर क्लास बंद.

आता, लघुलेखन शिकायला समोर कुणीतरी घड्याळ लावून वाचणारं लागतं. मोबाइलवरची रेकॉर्डिंग मला तोंडपाठ झाली होती, आणि पाठ झालेलं लिहिण्यात काय शहाणपण? नवरा कारखान्यात पाळीवर. मग पुढे सरसावले आमचे सासरे. आबा सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्यापाशी वेळ होता, घड्याळ होतं आणि आवाज होता. विशेषतः आवाज! आबा देवाला नमस्कार करतात तेव्हासुद्धा देव सावधान उभा राहत असणार.

रोज सकाळी ओसरीवर आमची कवायत सुरू झाली. क्लासच्या पुस्तकात सरावाचे उतारे होते. आबांना त्यातला एक फारच आवडला, घटस्फोटाचा अर्ज. एकच उतारा वेग वाढवत पुन्हा पुन्हा घ्यायचा असतो, म्हणून आबा तोच रोज घ्यायचे, आणि जीव तोडून घ्यायचे.

"सदर स्त्रीसोबत यापुढे एक दिवसही संसार करणे अशक्य आहे! सदर स्त्रीने आजच्या आज हे घर सोडून जावे!"

आणि मी? मी मुकाट्यानं लिहीत होते. लिहिताना बोलायला वेळ कुठला?

पलीकडच्या कुसुमकाकूंनी हे भिंतीआडून रोज ऐकलं. त्यांची लेक आष्ट्याला दिलेली, माझ्या माहेरच्या अगदी शेजारी. काकूंनी तिला फोन लावला. "सासरा रोज सकाळी पोरीला घराभायेर जा म्हंतोय गं! त्ये बी सदर म्हणून! वकील लावला आसंल. आन् पोर एका शब्दानं उलटून बोलत न्हाई!"

बाकी कशावर तात्यांचा, म्हणजे माझ्या चुलत्यांचा, विश्वास बसला नसता. पण आपली शुभी उलटून बोलत नाही म्हटल्यावर त्यांचं धाबं दणाणलं. मी अंगणात बागडायची तेव्हापासून ते मला ओळखतात.

दुसऱ्या दिवशी दारात टेम्पो उभा! तात्या, काकी आणि भावकीतले दोन गडी. टेम्पो कशाला? तर लग्नात मला दिलेलं कपाट, पलंग आणि रुखवतातली भांडी परत न्यायला. आमच्याकडं पोरीचं बिनसलं की आधी भांडी मोजतात, मग पोरीला विचारतात.

"सामान भर शुभे," तात्या गरजले. "ह्या घरात आता पानी बी प्यायचं न्हाई!"

"आवं तात्या, झालंय काय?"

"तुला काढलीया ह्यांनी! समद्या आष्ट्याला कळलंया, तुलाच ठावं न्हाई व्हय?"

आबा उठले. "पाव्हणं, ते डिक्टेशन हाय. पुस्तकातलं."

"पुस्तकात बघून सुनंला शिव्या देता?" काकी कडाडल्या.

झालं! आबांचा अपमान झाला. तिकडं गड्यांनी कपाट उचललं. सासूबाईंनी दुसऱ्या बाजूनं धरलं, कारण त्यात त्यांच्या साड्या होत्या. काकी भांडी मोजायला लागल्या आणि त्यात एक आमचं पातेलंही मोजलं. मग पातेल्यावरून वेगळं जुंपलं. कुसुमकाकू मधे पडायला म्हणून आल्या त्या थेट कपाटाखाली सापडता सापडता वाचल्या. सगळे एकाच वेळी बोलत होते. मीही गप्प नव्हते. पण सवयीचा हात तो! माझी पेन्सिल आपली चाललेलीच.

तात्यांचं लक्ष वहीकडं गेलं. "ह्ये काय गिरबटतीस? ह्याच्यापायी घर फोडलंस? ह्ये तर मोबाइल करतुया!"

"मग करा की!" मी कमरेवर हात ठेवून म्हणाले. "लावा मोबाइल. बघू द्या आम्हाला!"

तात्यांनी खिशातून मोबाइल काढला, बटण दाबलं आणि तो सगळ्यांच्या मधे धरला. सगळे पुन्हा जोमानं भांडले. मोबाइलनं थोडा वेळ ऐकलं आणि 'पुन्हा प्रयत्न करा' असं सांगून हात टेकले.

"आता तू वाच," तात्या इरेला पेटले. "वाचलंस तर आमी माघारी. न्हाईतर बस टेम्पोत!"

"मंजूर!" आबा माझ्याऐवजी ओरडले. "आन् वाचता आलं न्हाई तर मीच तुजा क्लास बंद करतो शुभा. घराची आब्रू हाय ही!"

शांतपणे लिहिलेलंही मला कधीकधी लागत नाही, आणि हे तर ढकलाढकलीत लिहिलेलं. पण आता माघार घेईन तर नाव लावणार नाही! मी वही उघडली आणि कोर्टात वाचतात तसं, एका सुरात, वाचायला लागले.

"तात्या : हा कसला सुभेदार, मिलिटरीत कांदं सोलत आसंल."

आबांनी तात्यांकडं पाहिलं. तात्यांनी छताकडं पाहिलं.

"काकी : एवढीशी पातेली आन् तोरा बघा. कुसुमकाकू : मी कुनाला काय बोलले न्हाई, मी फक्त फोन केला."

"पुढं," आबा म्हणाले.

"सासूबाई : कपाटाला हात लावू नका, पायजे तर हिला न्या!"

सगळ्यांनी सासूबाईंकडं पाहिलं. त्या पातेलं पुसायला लागल्या.

शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. एकानंही 'मी असं बोललो नाही' म्हटलं नाही. गड्यांनी कपाट गुपचूप जागेवर ठेवलं. तात्या खाली बसले, पाणी मागितलं आणि प्यालेसुद्धा.

मी छाती फुगवून म्हटलं, "कळलं? लघुलेखन म्हणतात याला!"

"कळलं," तात्या म्हणाले. "पर शुभे, समद्यात जास्त तर तू वराडत हुतीस. मला काय काय बोललीस त्ये कुठाय?"

मी पानं चाळली. सगळ्यांचं होतं. माझं एक अक्षर नव्हतं.

"कसं आसंल?" आबा घड्याळाकडं बघत म्हणाले. "तिचा स्पीड दोनशेच्या वर हुता."

शंभरची परीक्षा त्याच खेपेला पास झाले. आता कोर्टात बसते आणि भल्याभल्या वकिलांचं शब्दन् शब्द उतरवते. कामाच्या वेळी लघुलेखकानं स्वतः तोंड उघडायचं नसतं, म्हणून नोकरी टिकलीय. नाहीतर माझं बोलणं उतरवणारा लघुलेखक सरकारनं आणला असता कुठून?